टॉवेलाखाली ठरलेली ऑस्टिन

गाडी विकायची की नाही यावरून दोघा भावांनी दिवाळीपासून अबोला धरला होता. तो माघातल्या त्या सकाळी सांगलीच्या मैदानावर मोडला, आणि तोही "जरा डावीकडं घे" एवढ्यापुरताच. ट्रकच्या फळ्यांवरून ऑस्टिन खाली येत होती. वर तानाजी दोर धरून होता, खाली हंबीरराव चाकाला दगड लावत होता. आपलंच खरं करायची दोघांनाही हौस, पण गाडी घसरली असती तर दोघांचीही तोंडं बघण्यासारखी झाली असती. म्हणून बोलणं भाग पडलं.

मैदानात त्या दिवशी ही गर्दी. जुन्या गाड्यांचा लिलाव ही काय चीज असते, हे १९९६ साली इथं कुणी पाहिलेलं नव्हतं. भंगाराला पैसे मोजणारी माणसं दिसतात तरी कशी, हे बघायलाच निम्मे लोक आले होते. पुण्या-मुंबईची ती माणसं टोप्या घालून गाड्यांखाली वाकत होती आणि आपापसांत इंग्रजीत कुरकुरत होती. मार्केट यार्डातले हमाल चहा पीत उभे होते. कुठली गाडी गुळाच्या किती ढेपा ओढेल यावर त्यांच्या पैजा लागल्या होत्या.

हंबीररावाला या सगळ्याची मोठी ऐट वाटत होती. स्टँडमागं त्याचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि लिलाववाले आपल्या दुकानात चहा पिऊन गेले हे तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होता. गाडी लिलावात त्यानंच घातली, आईच्या नावानं. तानाजी कडेगावकडच्या वाडीत राहून ऊस आणि मेंढरं दोन्ही सांभाळायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. आबांची गाडी, मेंढरांच्या वाघरीशेजारी, जाळीच्या कोंडवाड्याशेजारी उभी आहे, खात नाही, पीत नाही, असू दे. हंबीररावाचं त्याहून सरळ: ती खात नाही, पण तिला उंदीर खातायत. दोघांच्या मध्ये आई होती, आणि आई धाकट्याच्या बाजूनं गेली, हे तानाजीला फार लागलं होतं.

आईला, सुलाबाईला, पैशाची हौस नव्हती. तिला एवढंच कळलं होतं की बोली सुरू व्हायच्या आधी प्रत्येक गाडीची हकीकत भोंग्यावरून वाचतात. गाडी कुणाची होती, कुणाकडं कशी आली, सगळं नावानिशी. यांचं नाव घेतात का, एवढंच तिनं विचारलं. हंबीरराव म्हणाला, घेतात की. त्यावर ती म्हणाली, मग न्या.

हकीकत घरातल्या सगळ्यांना पाठ होती. बावन्नच्या दुष्काळात सुलाबाईचा नवरा धुळा, म्हणजे पोरांचा आबा, मेंढरं घेऊन कराडच्या रस्त्याला बसला असताना, सांगलीचे हळदीचे व्यापारी नेमगोंडा शेट त्याच वाटेवर गाडीत आजारी पडले. ड्रायव्हरला वाटलं पटकी झाली, तो गाडी टाकून पळाला. धुळ्यानं शेटना आपल्या पालात निजवलं, बकरीचं दूध पाजलं, ओकणं-हागणं काढलं, आणि उठून बसते झाल्यावर गाडीला बैल जुंपून कडेगावला नेऊन सोडलं. पुढच्या साली शेट एकटेच ऑस्टिन हाकत आले. रस्त्यावरच धुळ्याच्या हातात चावी दिली, ही तुझी म्हणाले आणि एस.टी.त बसून परत गेले. तिथं हे दोघंच होते. सुलाबाई तेव्हा माळावर मेंढरांमागं होती.

कागद शेटनी दिले नाहीत आणि धुळ्याला मागायचं सुचलं नाही. थोड्याच दिवसांत शेट वारले, आणि त्यांच्या घरातून उठलं की गाडी चोरीला गेली. एकदा फौजदारही येऊन गेला. तक्रार कुणी केलेली नव्हती, म्हणून चहा पिऊन गेला. पण वाडीपासून कडेगावपर्यंत ऑस्टिनला 'धुळ्याची चोरलेली' हे नाव पडलं ते पडलंच. लेकीचं, हरणाबाईचं, जमत आलेलं लग्न त्यावरून मोडलं. धुळा हसून सोडून द्यायचा. सुलाबाईनं कधी सोडलं नाही. आता धुळा जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि ज्या गावातून ती आवई उठली त्याच गावात खरं काय ते भोंग्यावरून वाचलं जाणार होतं. त्यासाठी ती ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून आली होती आणि लिंबाखाली घोंगडं टाकून बसली होती.

लिलाव भरवणाऱ्या मंडळाच्या वतीनं गाड्या तपासायचं काम लालासाहेबांकडं होतं. साताऱ्याचे, पलटणीतून निवृत्त झालेले, मिशीला पीळ पण बोलणं मऊ. नेमगोंडा शेटना विकलेल्या ऑस्टिनचा नंबर त्यांनी मुंबईहून आधीच मिळवला होता. गाडीवरचा नंबर त्याच्याशी जुळला की झालं. मग ही सांगलीच्या पेठेतल्या पहिल्या मोटारींपैकी एक ठरणार होती आणि तिचं मोल कुठल्या कुठं जाणार होतं. कागद नसले तरी चालत होतं, कारण असल्या गाड्या लोक हाकायला नव्हे, बघायला घेतात. पण ती नक्की कुठली हे मात्र पक्कं लागे.

लालासाहेबांनी बॉनेट उघडलं. इंजिनामागच्या पत्र्यावर पितळेची पट्टी होती. लखलखत होती. तिच्यावर एकही अक्षर नव्हतं.

त्यांनी बोटानं चाचपलं, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हंबीरराव, हे कुणी घासलंय?"

"घासलंय म्हणजे?"

"नंबर होता इथं. चोरीच्या गाडीचा नंबर असाच घालवतात. मी तुम्हाला म्हणत नाही, पण बघणारा हेच म्हणणार."

चोरी हा शब्द ट्रकपर्यंत पोचला आणि तानाजी तिथून चालत आला. अबोला गेला कुठल्या कुठं. दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून उभे राहिले. आबांना अक्षर वाचायला येत नव्हतं, ते नंबर घालवतील कशाला, असं तानाजीचं म्हणणं. हंबीररावानं धंद्यातलं ज्ञान काढलं: कानस मारली असती तर ओरखडे दिसले असते, हे तर लोण्यासारखं गुळगुळीत आहे. लालासाहेबांना नेमकं तेच कोडं पडलं होतं. ओरखडा नाही, रेघ नाही, ठोकल्याची खूण नाही. अक्षरं जणू आपल्या पायानं चालत गेली होती. ते संशय विसरून पट्टीकडं बघत राहिले, आणि त्यांना बघून पुण्याची दोन माणसंही येऊन बघायला लागली.

"म्या घासलाय," लिंबाखालून सुलाबाई म्हणाली.

खंडेनवमीला घरातले देव घासायचे असतात. बिरोबाचा, खंडोबाचा टाक चिंच आणि राख लावून लख्ख करायचा. गाडी दारात आल्यावर पहिल्याच नवमीला तिनं धुळ्याला विचारलं होतं, हिचा देव कुठं असतो? धुळ्यालाही प्रश्न बरोबर वाटला. त्यानं बॉनेट उघडून शोधाशोध केली आणि ही पट्टी दाखवली. पितळेची, वर काहीबाही कोरलेलं, टाकच तो. तेव्हापासून दर नवमीला देवांबरोबर तीही घासली गेली. आधी चिंच, मग राख, मग हळदकुंकू. घरातल्या देवांचे नाकडोळेसुद्धा पुसट झालेत, सुलाबाई म्हणाली, तिथं ह्या पट्टीचं काय घेऊन बसलाय.

लालासाहेबांना हसू आलं ते त्यांनी मिशीत दाबलं. हंबीररावाला आलं नाही. एवढ्या लोकांत तो आईवर घसरला.

"आय, सगळा पुरावा त्योच व्हता. आबांचा खरेपणा तू चिंचंनं धुऊन काढलास."

"आयला बोलायचं काम न्हाई," तानाजी म्हणाला. "तिनं पूजा केली. तू काय केलंस? इकाय काढलीस."

भावाभावांची युती चहाचा कप संपेपर्यंतसुद्धा टिकली नाही.

प्रांजल ही तानाजीची मुलगी. सांगलीत काकाच्या घरी राहून कॉलेज करायची, त्यामुळे घरातलं भांडण कुठल्या बाजूला उभं राहून ऐकावं, हा तिचा कायमचा प्रश्न होता. आजही बापाकडं बघितलं की काकाला राग येणार आणि काकाकडं बघितलं की रात्री बापाचा फोन येणार. तिनं दोघांनाही सोडलं आणि लालासाहेबांना गाठलं. नंबर एकाच जागी असतो का, तिनं विचारलं. ते म्हणाले, शाबास. खालच्या सांगाड्यावरही ठोकलेला असतो, पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या अंगाला.

ओढणी कमरेला खोचून, बॅटरी घेऊन प्रांजल गाडीखाली गेली. खाली वंगण होतं, माती होती, आणि वर्षानुवर्षांच्या भंडाऱ्याचा पिवळा थर. तिनं तो चिंधीनं पुसला. लालासाहेब गुडघ्यावर बसून वरून जागा सांगत होते, आणखी आत, आणखी वर. तिला ती जागा सापडली. तिथं हाताएवढा लोखंडी पत्रा जोडलेला होता. सांगाडा तिथंच गंजला असणार आणि आजोबांनी लोहाराकडून ठिगळ मारून घेतलं असणार. नंबर त्याच्या पोटात, असला तर.

ती बाहेर आली आणि दोन्ही हात पुसत उभी राहिली. गाडीखाली तिच्या मनात एक विचार येऊन गेला होता: वरचा नंबर गेला, खालचाही झाकला, हे जरा जास्तच सोयीचं नाही का? त्या विचाराची तिला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून तो जाईना. आजोबांच्या मांडीवर बसून तिनं ही हकीकत किती वेळा ऐकली होती, आणि आज पहिल्यांदाच तिला ती खरी की खोटी हे बघावंसं वाटत होतं. ती जाऊन आजीजवळ बसली.

"आज्जी, शेटनी चावी दिली तवा तू बघितलंस?"

"न्हाई."

"मग तुला कसं ठावं?"

"ह्यांनी सांगितलं."

"आणि ते खोटं बोलले असतील तर?"

सुलाबाईनं नातीकडं नीट बघितलं. तिला राग आला नाही. "खोटं बोलाय लागलं की त्यांचा कान लाल व्हायचा," ती म्हणाली. "मेंढरू मेलं की इकलं, ते मी कानावरनं वळखायची. गाडीचं सांगताना कान कवाच लाल झाला न्हाई. पर ह्यो पुरावा तुझ्या सायबाला कसा द्यायचा?"

लालासाहेबांनी थोड्या वेळानं निकाल सांगितला. त्यांना वाईट वाटत होतं आणि ते दिसतही होतं. ऐकीव हकीकत भोंग्यावर वाचता येणार नाही. उद्या खोटी ठरली तर मंडळाची अब्रू जाईल. गाडी लिलावात ठेवता येईल, पण 'जुनी ऑस्टिन, पूर्वेतिहास अज्ञात' एवढंच म्हणून. भाव अर्थात भंगाराचा येईल. हंबीरराव तेवढ्यालाही तयार होता, ट्रकचं भाडं तरी निघेल म्हणाला. सुलाबाई म्हणाली, नाव घेणार नसाल तर गाडी परत ट्रकात चढवा. तानाजी दोर आणायला निघालासुद्धा.

एक उपाय राहतो, लालासाहेब म्हणाले. नेमगोंडा शेटचे नातू, भूपालशेठ, इथंच आलेत, बोली लावायला. लहानपणी ते या गाडीत बसलेले आहेत. ते हो म्हणाले तर मी नंबर मागणार नाही.

भूपालशेठ पन्नाशी ओलांडलेले, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतले गृहस्थ. हळदीच्या धंद्यातल्या माणसाच्या बोटांचा पिवळेपणा साबणानं जात नाही, तो त्यांच्याही बोटांना होता. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. आजोबांची काळी होती, म्हणाले. रंग नंतरचा आहे, असं लालासाहेबांनी सुचवलं. दुसरी फेरी मारली. दिवे हे नव्हते. सीट चामड्याची होती, ह्यात घोंगडी भरलीय ओ. हूड बघा, चाकं बघा. बोलत बोलत त्यांनी मागचं डावं दार उघडून आत डोकावलं, बंद केलं आणि तिसरी फेरी घातली. पत्रा कुजलाय, लाकूड किडलंय. नाही, ही ती नव्हे. तरी सुटे भाग उपयोगी पडतात, भंगाराच्या भावात मी घेईन, कुणाला नको असली तर.

प्रत्येक फेरीला हंबीरराव थोडा थोडा खचत गेला. तानाजीच्या मुठी आवळल्या होत्या. प्रांजल खाली बघत होती.

एकटी सुलाबाई टक लावून बघत होती, आणि तिचा चेहरा उजळत चालला होता. तिचं आयुष्य मेंढरांच्या बाजारात गेलेलं. धुळा कळप घेऊन पुढं चालायचा आणि विक्रीचं तिच्यावर पडायचं. ज्याला मेंढरू नको असतं तो बघतही नाही, पुढं निघून जातो. ज्याला हवं असतं तोच थांबतो, दात बघतो, खूर बघतो, आणि हे असलं काय आणलंय म्हणून नाकं मुरडतो. ह्या शेटनं तीन फेऱ्या मारल्या होत्या. शिवाय ते मागचं डावं दार. ते नुसतं ओढून कधी उघडत नाही, आधी गुडघ्यानं आत दाबावं लागतं. आज सकाळी ट्रकवाल्यानं ते उपसून काढायचंच बाकी ठेवलं होतं. शेटनी बोलता बोलता, तिकडं न बघता, गुडघा लावला होता.

ती उठली आणि तानाजीच्या खांद्यावरचा टॉवेल तिनं ओढून घेतला.

"आवं शेट, हिकडं या. हात द्या."

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात कापडाखाली जातात, एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा आणि ऐकायचा. तिसऱ्याला कळत नाही, आणि सौदा मोडला तरी कुणाची लाज जात नाही. जमला तर मात्र तो दगडावरची रेघ. हळदीच्या पेठेतही पूर्वी असंच चालायचं, आणि भूपालशेठची बोटं आजोबांच्या गादीवर बसून तेच शिकली होती. पुण्याची माणसं गंमत बघायला जवळ सरकली. हमालांनी पैजा थांबवल्या. भूपालशेठ हसले आणि त्यांनी म्हातारीची समजूत काढावी तसा हात टॉवेलाखाली घातला.

सुलाबाईनं मुद्दाम चढा आकडा धरला, खुळ्यासारखा चढा. भंगार घेणाऱ्यानं त्यावर हसून हात काढला असता.

भूपालशेठनी हात काढला नाही. त्यांनी एक बोट तेवढं मुडपलं, आणि बाकीची जशीच्या तशी राहू दिली.

एका बोटाचा फरक. सुलाबाईला जे कळायचं ते कळलं. आयुष्यभर जे फक्त नवऱ्याच्या कानावरून माहीत होतं, ते आता हातात होतं, एका परक्या माणसाच्या बोटांत. आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण टॉवेलाखालचं बाहेर काढायचं नसतं. तिनं त्यांचा हात सोडला नाही.

"ही तुमच्या आज्ज्याचीच हाय," ती त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाली. "तुमाला ठावं हाय."

भूपालशेठनी पुण्याच्या माणसांकडं एकदा बघितलं. मग तेही हळू आवाजात म्हणाले, "आज्जी, तोंडानं बोललो तर ती पुण्याची मंडळी भाव कुठल्या कुठं नेतील. मला मिळायची नाही. लहान होतो तेव्हापासून मनात आहे माझ्या."

"मला तोंडानंच पायजे. त्या भोंग्यावर."

"आणि गाडी?"

टॉवेलाखाली तिनं त्यांचं मुडपलेलं बोट तसंच राहू दिलं आणि बाकीच्या बोटांवर आपली मूठ घट्ट दाबली. बाजारात त्याचा एकच अर्थ होतो.

"दिली," ती म्हणाली. "आता बोला."

भोंगा होता तिथवर जाताना भूपालशेठना घाम फुटला होता. ते व्यापारी माणूस होते आणि त्यांना सगळा हिशेब दिसत होता. आधी बोलायचं होतं त्यांना, गाडी मिळायची होती नंतर. मध्ये काय होतं, तर एका म्हातारीची मूठ, जी कुणी बघितलेली नव्हती. पोरांनी उलट खाल्ली तर ते कुणाकडं दाद मागणार? लालासाहेबांकडं? घरी हे सांगितलं असतं तर सगळे हसले असते. तरी त्यांचे पाय थांबले नाहीत, आणि का थांबले नाहीत ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

"मी नेमगोंडा शेटचा नातू," ते बोलू लागले, आणि मैदानभर तो आवाज घुमला. "मघाशी मी जे बोललो ते खरं नव्हतं. ही गाडी माझ्या आजोबांची आहे. त्यांनी ती स्वतः नेऊन धुळा यांना दिली. मी लहान होतो, गाडी गेली म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं. आजोबा म्हणाले, रस्त्यावर ज्यानं माझी घाण काढली त्याला दिली, रडायचं नाही. आजोबा गेले. मेंढक्याला मोटार दिली हे सांगायची आमच्या लोकांना लाज वाटली, म्हणून चोरीला गेली असं उठवलं. चोरी झालेली नव्हती. धुळा यांनी काही चोरलेलं नव्हतं."

नवऱ्याचं नाव दोन्ही वेळा सुलाबाईनं डोळे मिटून ऐकलं. मग ती पदराचा बोळा तोंडाशी धरून रडली, लोकांत, मोकळेपणानं. तानाजी तिच्या पायाशी बसला. त्याच्याही डोळ्यांना धार लागली होती आणि ती लपवायचं त्याच्या ध्यानात आलं नाही. प्रांजलला मघाचा आपला विचार आठवला आणि तिनं आजीचा हात धरून ठेवला.

पण लिलाव तो लिलाव. लालासाहेबांनी समाधानानं मान हलवली, गाडीची हकीकत पूर्ण झाली म्हणाले, आणि बोली सुरू झाली. पुण्याच्या टोपीवाल्यानं पहिलाच आकडा असा ओरडला की हमाल शिट्ट्या मारायला लागले. मुंबईकरानं तो खाली पडू दिला नाही. दोघांची जुंपली. प्रत्येक बोलीबरोबर हंबीररावाची मान वर येत गेली. सकाळपासून लोकांनी जे जे बोलून घेतलं होतं ते सगळं फिटत होतं. तो धावत लिंबाकडं आला.

"आय, बघ कुठं चाललंय ते."

"चालू दे," सुलाबाई डोळे पुसत म्हणाली. "आपली गाडी इकली. शेटला दिली मी."

हंबीररावाला आधी कळलंच नाही. कितीला दिलीस, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं नाही. आताच्या आकड्यापेक्षा कमीला ना, एवढं तरी सांग. ती म्हणाली, कमीलाच असंल. तो तानाजीकडं वळला. दादा, तू तरी सांग हिला. तानाजीला गाडी विकायचीच नव्हती, पण आता विकलीच जाणार म्हटल्यावर त्याच्याही कानावर ते आकडे पडत होते, आणि उसाला पाणी नाही ही गोष्टही त्याच्या ध्यानात होती. तो चाचरत म्हणाला, आय, हातोडा पडायच्या आधी मालक काय म्हणेल ते चालतंय म्हणत्यात, जरा बघूया की. दिवाळीपासून पहिल्यांदा दोघा भावांचं एकमत झालं, आणि ते आईच्या विरुद्ध.

भूपालशेठ गाडीजवळ उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा पडला होता आणि एक हात मागच्या डाव्या दारावर तसाच राहिला होता.

"टावेलाखालचं कुणी बघितलंय?" हंबीरराव खालच्या आवाजात म्हणाला. "दिली न्हाई म्हण. त्यो काय करणार हाय?"

"व्हय रं," सुलाबाई म्हणाली. "कुणीच बघितलं न्हाई."

तिनं टॉवेलाची घडी घातली आणि तो मांडीवर ठेवला.

"तुझ्या आबाला गाडी दिल्यालीबी कुणी बघितली नव्हती."

मैदानात टोपीवाल्यानं आणखी वरचा आकडा ओरडला. तानाजीनं मान खाली घातली आणि कमरेला बांधलेली गाडीची चावी सोडायला घेतली. हंबीररावानं आईच्या मांडीवरच्या टॉवेलाकडं एकदा बघितलं. मग तो लोकांतून वाट काढत लालासाहेबांपर्यंत गेला आणि म्हणाला, बोली थांबवा, गाडी आधीच विकली गेलीय.